‘जस्ट’ कुठे बसवायचा?

इंग्रजी बोलताना ‘जस्ट’ कधी ‘आत्ताच’, कधी ‘फक्त’, कधी ‘अगदी’, तर कधी नुसता ‘जरा’ असतो. कुठला, ते त्याची जागा आणि आवाजातला जोर ठरवतो.

‘आत्ताच’साठी ब्रिटिश माणूस ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतो; अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ सर्रास चालतं. ‘हॅव’ वापरलात तर ‘जस्ट’ त्याच्या लगेच नंतर, मुख्य क्रियापदाच्या आधी. आपल्याकडे ‘आय हॅव ईटन जस्ट नाऊ’ फार ऐकू येतं. ‘जस्ट नाऊ’ने थोड्या वेळापूर्वीचं सांगायचं असेल तर साधा भूतकाळ घ्या: ‘आय सॉ हिम जस्ट नाऊ’. दक्षिण आफ्रिकेतल्या कुणी ‘आय विल डू इट जस्ट नाऊ’ म्हटलं तर मात्र ताटकळू नका. तिथे त्याचा अर्थ ‘करतो थोड्या वेळाने’ असा होतो, आणि तो थोडा वेळ कितीही लांबतो.

खरी गंमत नकारात आहे. ‘आय जस्ट डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते आवडतच नाही. ‘जस्ट’ एक घर पुढे सरकवून ‘आय डोन्ट जस्ट लाइक इट’ म्हटलंत, की अर्थ होतो ‘नुसतं आवडतं असं नाही’, आणि समोरचा पुढच्या ‘आय लव्ह इट’ची वाट बघत बसतो. ‘च’वर जोर द्यायचा असेल तर ‘जस्ट’ नकाराच्या आधी, ‘नुसतं’ म्हणायचं असेल तर नंतर.

‘ही जस्ट सेंट मी वन फोटो’ हे लिहिताना टाळा. आत्ताच पाठवला की एकच पाठवला, कळत नाही. बोलताना ‘वन’वर जोर देऊन भागतं, लेखी मात्र ‘फक्त’ म्हणायचं असेल तर ‘जस्ट’ आकड्याला चिकटवा: ‘ही सेंट मी जस्ट वन फोटो’.

‘अगदी’चा अर्थ सोपा: ‘जस्ट लाइक हर मदर’, हुबेहूब आईसारखी.

विनंतीत ‘कुड यू जस्ट साइन हिअर?’ म्हणजे ‘जरा इथे सही करता?’ इथे ‘जस्ट’ हलका, जवळजवळ गिळलेला हवा. पुढे व्यंजन आलं की ‘ट’ बहुधा गळतोच, ‘जस् साइन’. ‘जस्ट’वर जोर दिलात तर ‘करा ना एकदाची सही!’ असं वैतागलेलं ऐकू येतं. थकलेल्या बिलाच्या मेलमध्ये ‘आय ॲम जस्ट चेकिंग’ असं संकोचून लिहू नका. पैसे आपलेच आहेत, ‘प्लीज’ पुरे.