बाहेरची स्कॉलरशिप मिळाली? आधी कॉलेजला हे विचारा
अमेरिकेत मुलांना बाहेरच्या संस्थेकडून गुणवत्तेवर स्कॉलरशिप मिळाली, की बरीच कॉलेजं गरजेनुसार दिलेली मदत तेवढ्याने कमी करतात. मुलाच्या मेहनतीचा घरच्या खर्चाला काडीचा उपयोग होत नाही.

म्हणून कॉलेजच्या फायनान्शियल एड (आर्थिक मदत) ऑफिसला ईमेल करा: "ही रक्कम आधी कर्जातून आणि वर्क-स्टडीतून वजा कराल का? ग्रँट तशीच राहू द्या." (वर्क-स्टडी म्हणजे शिकताना काम करून मिळवायचे पैसे; ग्रँट म्हणजे परत न करायची मदत.) ५,००० डॉलरच्या स्कॉलरशिपने तेवढंच कर्ज घटलं, तर फायदा खरा. उत्तर लेखी घ्या. ग्रँटच कापणार म्हणाले, तर स्कॉलरशिप देणाऱ्यांना रक्कम पुढच्या वर्षी द्याल का, तेही विचारा.

स्कॉलरशिप लपवू मात्र नका. नंतर कळलं तर वर्षाच्या मध्येच पैसे परत मागू शकतात.