‘साजूक तूप’चं ‘साजक तप’ होऊ नये म्हणून

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकांचं घरगुती पदार्थांचं काम आहे, गणपतीत उकडीचे मोदक, एरवी पुरणपोळ्या, त्यांना ऑर्डर घ्यायला मी एक साधी साईट करून दिली. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांचा फोन, "अगं, सुनेच्या आयफोनवर ‘साजक तप’ लिहून येतंय, आणि ऑर्डरचं बटणच नाहीये." मला वाटलं माझा टायपो, मग स्क्रीनशॉट आला तर दुसरे उकार खालून साफ कापलेले आणि बटण सफारीच्या खालच्या पट्टीमागे जाऊन बसलेलं. सुनेने क्रोममध्ये पण उघडून बघितलं होतं, तिथेही तेच, म्हणून काकांचं म्हणणं की ब्राउझरचा काही दोष नाही, तुझाच आहे.

आता इथेच बरेच जण फसतात, म्हणून साईट सगळ्या ब्राउझरवर नीट दिसण्यासाठी काय करायचं ते लिहिते. आयफोनवरचा क्रोम हा नावाला क्रोम, आत इंजिन (कोड वाचून पान रंगवणारा भाग) सफारीचंच, वेबकिट. ॲपलचा नियमच तसा आहे (युरोपात २०२४ पासून सूट दिलीय, आपल्याकडे नाही). म्हणजे ब्राउझर मोजत बसू नका, इंजिनं मोजा, ती तीनच आहेत: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर या सगळ्यांत ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको, आणि सफारी आणि अख्ख्या आयफोनवर वेबकिट. क्रोम आणि एज दोन्हीत बघितलं म्हणजे दोन ब्राउझर झाले असं धरू नका, एकाच तव्यावरच्या दोन पोळ्या त्या. आणि इंटरनेट एक्स्प्लोररसाठीचे जुने जुगाड कुठल्या ट्युटोरियलमध्ये दिसले तर सरळ सोडून द्या, मायक्रोसॉफ्टने तो १५ जून २०२२ ला बंद केला.

सुरुवात पानाच्या डोक्यापासून. पहिली ओळ डॉकटाइपची (हे आजच्या नियमांचं पान आहे असं सांगणारी), ती नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या चुका मुद्दाम तशाच करून दाखवतो, मग तुम्ही खाली कितीही डोकं आपटा. लगेच खाली कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ (अक्षरं कुठल्या कोडमध्ये साठवलीत ते), ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत हवी, नाहीतर मराठीच्या जागी कचरा दिसू शकतो. मग व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते सांगणारी मेटा ओळ, रुंदी डिव्हाइसएवढी. ती विसरलात तर आयफोन पान ९८० पिक्सेलचं आहे असं समजतो आणि सगळं मुंगीएवढं करून टाकतो. आणि पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) लिहा, मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो ना, ज्या फॉन्टमध्ये त्याची सोय आहे तो फॉन्ट ही ओळ बघूनच आपला ल काढतो.

त्यानंतर रीसेट. प्रत्येक ब्राउझर स्वतःचं थोडं मार्जिन, बटणाचे कोपरे, फॉर्मचा फॉन्ट असं काय काय घालतो. हे फरक मिटवायला नॉर्मलाइझ नावाची तयार फाइल मिळते ती लावा, सगळ्या एलिमेंटना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स करा (म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीतच धरली जाते), आणि बटण, इनपुट, सिलेक्ट यांना फॉन्ट इनहेरिट करायला सांगा कारण ते आपणहून पानाचा फॉन्ट घेत नाहीत. पाच मिनिटांचं काम.

वेळ खाते ती देवनागरी, आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. मी काकांच्या साईटला रोबोटो हा फॉन्ट लावला होता. रोबोटोमध्ये देवनागरी नाहीच, त्यामुळे मराठी अक्षरं आली की प्रत्येक मशीन आपापल्या घरातला फॉन्ट काढतं, विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो, आयफोनवर कोहिनूर. तिघांची उंची वेगळी, उकार खाली किती जातो ते वेगळं, आणि मी शहाणपणा करून पदार्थाच्या नावाला लाइन-हाइट १ (ओळीची उंची अक्षराच्या मापाएवढीच) आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते कापा) दिलं होतं. इंग्रजी अक्षरांना ते चालून जातं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, म्हणजे एका अक्षराचे तीन मजले, आणि लाइन-हाइट १ म्हणजे तळमजला बिल्डरने दिलाच नाही. माझ्या लॅपटॉपवर दोन पिक्सेलने वाचलं, आयफोनवर ‘साजूक तूप’ गेलं.

तर करायचं काय, देवनागरी असलेला फॉन्ट स्वतःच पाठवा, मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट आहेत, वॉफ-२ या वेबफॉन्टच्या फॉरमॅटमध्ये आपल्याच सर्व्हरवर ठेवा, फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या म्हणजे नेट स्लो असलं तरी मजकूर लगेच दिसेल. लाइन-हाइट मजकुराला १.६ च्या आसपास आणि मथळ्याला १.३ च्या खाली नको. डब्यांना हाइट फिक्स करू नका, मिनिमम हाइट आणि पॅडिंग द्या. ठळक अक्षर वापरणार असाल तर ठळक वजनाची फाइल पण पाठवा, नाहीतर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवतो आणि ‘क्ष’ची पोकळी बुजून जाते. आणि लेटर-स्पेसिंग मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते, दात पडल्यासारखी दिसते.

बटणाची भानगड वेगळी. पानाला १०० व्हीएच (म्हणजे पूर्ण स्क्रीनएवढी) उंची दिली की फोनवरची सफारी ती उंची खालची पट्टी लपलेली असताना जेवढी जागा असते त्यावरून मोजते, पट्टी दिसत असली की तळाचं बटण तिच्यामागे. त्यावर डीव्हीएच नावाचं, पट्टीप्रमाणे बदलणारं नवं माप आलंय, सफारीत १५.४ पासून. आता गंमत अशी की सीएसएस, म्हणजे पानाच्या दिसण्याचा कोड, न कळलेली ओळ गुपचूप सोडून देतं, म्हणून आधी १०० व्हीएचची जुनी ओळ लिहायची आणि लगेच खाली १०० डीव्हीएचची, ज्याला कळेल तो खालची घेईल, ज्याला नाही तो वरच्या ओळीवर भागवेल. ही युक्ती सगळीकडे चालते, आणि कोणता ब्राउझर आहे हे नाव विचारून वेगळा कोड देण्यापेक्षा शंभर पट बरी, कारण ब्राउझर आपल्या नावात बिनधास्त थापा मारतात.

आयफोनच्या अजून दोन खोड्या. इनपुटमधलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर टॅप केल्यावर पान झूम होऊन बसतं. आणि जावास्क्रिप्टमध्ये तारीख ‘२०२४-०९-०७ १०:००’ अशी मध्ये स्पेस टाकून दिली तर क्रोम घेतो पण जुनी सफारी ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणते, स्पेसच्या जागी कॅपिटल टी टाकला की गप्प बसते. गणपतीच्या आधी हे कळलं म्हणून वाचले.

जुन्या फोनांचा हिशोब पण धरा. आयफोन ६ आयओएस (आयफोनची सिस्टीम) १२ वरच अडकलाय, सफारी आयओएससोबतच अपडेट होते, म्हणजे तीही तिथेच. त्यावर फ्लेक्स मांडणीतला गॅप (डब्यांमधलं अंतर) चालत नाही, वेबपी या नव्या प्रकारचे फोटो दिसत नाहीत. असे गिऱ्हाईक असतील तर गॅपऐवजी मार्जिन द्या, फोटोला पिक्चर टॅगमध्ये खाली जेपेग ठेवा. नवीन काही वापरण्याआधी ‘कॅन आय यूज’ या साईटवर नाव टाकून बघायचं, एवढी सवय लावली तरी अर्धी रड संपते. वेबकिटचे प्रीफिक्स (सीएसएसच्या नावाआधी लावायची इंजिनची खूण) हाताने लिहू नका, ऑटोप्रीफिक्सर नावाचं टूल लिहितं.

तपासायचं कसं? क्रोममधला मोबाइल व्ह्यू हा तपास नाही, तो रुंदी, टच असं वरवरचं बदलतो, इंजिन ब्लिंकच राहतं. विंडोजवर प्लेराइट हे तपासणीचं टूल टाकलं तर ते क्रोमियम (क्रोमचा गाभा), फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही चालवतं, फुकट, पण त्यातलं वेबकिट म्हणजे हुबेहूब आयफोन नव्हे. खरे फोन भाड्याने हवे तर ब्राउझरस्टॅक आहे, आपल्या मुंबईतच २०११ मध्ये सुरू झालेली कंपनी. मी काय करते, ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत रोजचा ग्रुप आहे, त्यात दोन आयफोन, एक जुना सॅमसंग, लिंक पाठवते आणि सांगते मोदक ऑर्डर करून दाखवा. रबाळ्याला उतरणारीला बटण सापडलं नाही, तर काम बाकी आहे. एक मात्र बघा, आधी प्रायव्हेट टॅबमध्ये उघडायला सांगा, नाहीतर कॅशमधलं (फोनने साठवून ठेवलेलं) जुनं पान बघून तुम्ही नसलेला बग शोधत बसाल, मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

सगळं झाल्यावर काका परत, "सुनेच्या फोनवर तारखेचं कॅलेंडर गोल फिरतं, माझ्या फोनवर चौकोनी आहे, सेम कर." ते मी केलं नाही. ते कॅलेंडर फोनचं स्वतःचं असतं, सुनेला तिच्या फोनची सवय, काकांना त्यांच्या, आणि माझं रंगीत कॅलेंडर घातलं असतं तर दोघंही अडकले असते. तारीख बरोबर पोचते ना, ते दोन्ही फोनवरून ऑर्डर टाकून काकांना दाखवलं. अजून अधूनमधून विषय काढतात.