शिकारीसाठी हलकी सरप्लस (सैन्याने काढून टाकलेली जुनी) रायफल घ्यायचीय? आधी हे बघा

ठाण्यात बसून शिकारीच्या रायफलीवर लिहितोय म्हणून आधीच क्लियर करतो, आपल्याकडे शिकार बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने, त्यामुळे येऊरच्या जंगलात रात्री टॉर्च घेऊन फिरायची आयडिया कोणाच्या डोक्यात असेल तर त्याने पुढे वाचूच नये. आणि जुनी ब्रिटिश लष्करी .३०३ इथे साध्या लायसन्सवर मिळतही नाही, ती प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या मापाची, आपल्याला .३१५ वर समाधान. हे सगळं अमेरिकेत गेलेल्या आपल्या पोरांसाठी आहे. घोडबंदरपासून खारघरपर्यंत प्रत्येक सोसायटीतलं एक तरी तिकडे आहे, ऑफिसातल्या लोकांबरोबर थंडीत हरणाच्या शिकारीला जायला लागतात आणि मग फोन इकडे येतो, मामा तुम्ही अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होतात ना, जुनी मिलिटरी रायफल कुठली घेऊ, हलकी पाहिजे. अरे बाबा तिथे रायफली नाही बनत. पण विषय आवडीचा, म्हणून सांगतो.

पहिलं व्हिसा बघा. एच-वन वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर तिकडच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवणंच मना आहे, मित्राची हातात घेतली तरी. त्याला एक मोठा अपवाद म्हणजे कुठल्यातरी स्टेटचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. दुकानदार फॉर्मवर हे विचारतोच, तिथे खोटं लिहायचं नाही, नोकरी घर सगळं एका सहीत जाईल. शंका असेल तर वकिलाला पैसे द्या, रायफलीचं नंतर बघू.

दुसरं, तुमच्या स्टेटचे शिकारीचे नियम. आमचा भाचा ओहायोत, आणि साहेब जंगल कार्बाइन, म्हणजे ब्रिटिशांची आखूड .३०३ रायफल, ऑर्डर करायला निघाले होते. ओहायोत हरणाला रायफलीत फक्त सरळ भिंतीचं काडतूस चालतं, मान (गोळीकडचं टोक) आवळलेलं नाही, म्हणजे .३०३, ६.५, ८ एमएम, जवळजवळ सगळं जुनं मिलिटरी सामान बाद. पैसे वाचले त्याचे.

आता वजन. जाहिरातीत हलकी लिहिलेली रायफल आणि खांद्यावर दिवसभर टांगलेली रायफल यात फरक पडतो, कारण त्यावर स्कोप (नेम धरायची दुर्बीण), त्याचा माउंट, पट्टा, गोळ्या हे सगळं चढतं. जर्मन के-९८ माउझर, रशियन लांब मोसिन, ब्रिटिश .३०३ नंबर फोर, स्विस के-३१, ही सगळी रिकामीच चार किलोच्या आसपास. आपली इशापूर कारखान्याची २ए१, ७.६२ वाली, ती तर चारच्या वर, देशप्रेमापोटी घ्यायची तर घ्या पण डोंगर चढताना माझं नाव काढू नका. खरी हलकी म्हणजे नंबर फाइव्ह जंगल कार्बाइन, साधारण ३.२ किलो, स्वीडिश एम-९४ कार्बाइन थोडी त्याच्या वर, इटालियन कारकानोची कार्बाइन तीनच्या जवळ, मोसिनची एम-३८ साडेतीनच्या आत. एम-४४ घेऊ नका, ती घडीची संगीन उगाच वजन वाढवते. अमेरिकन एम-वन कार्बाइन सगळ्यात हलकी, अडीच किलोच्याही आत, पण तिची गोळी हरणासाठी कमजोर आहे, जखमी जनावर पळून जातं आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत बसता.

पण हलकं म्हणजे धक्का जास्त, ते फुकट मिळत नाही. जंगल कार्बाइनवर रबराचा पॅड आहे आणि तोही इतका छोटा की खांद्यात रुततो, शिवाय तिचा झीरो (जुळवून ठेवलेला नेम) सरकतो ही तक्रार ती नवी होती तेव्हापासूनची. एम-३८ मध्ये ७.६२ बाय ५४ चं (गोळीची जाडी बाय कवचाची लांबी, एमएममध्ये) मोठं काडतूस आखूड नळीतून जातं, जाळ आणि आवाज असा की नवीन माणूस दुसऱ्या गोळीपासून डोळे मिटून घोडा ओढायला लागतो. म्हणून माझं मत विचाराल तर आधी काडतूस ठरवा. ६.५ बाय ५५ स्वीडिश, धक्का सौम्य, गोळी लांब आणि आत शिरणारी, स्वीडनमध्ये याच काडतुसाने मूस (प्रचंड मोठं हरीण) मारतात, आणि शिकारीच्या नवीन गोळ्या आजही बनतात. कारकानो वजनाला छान पण तिची गोळी साध्या ६.५ पेक्षा किंचित जाड लागते, .२६८ इंच, बाकीच्यांची .२६४, चुकीची भरली की नेम उडतो, आणि सहा गोळ्या एकत्र धरणारी ती क्लिप नसेल तर मॅगझिन चालतच नाही. छंद असेल तरच.

सगळ्यात चांगला सौदा कुठला माहितीये? जी रायफल पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी आधीच कापून स्पोर्टर करून ठेवलीय ती. पुढचं लाकूड काढलेलं, नळी छोटी केलेली, बऱ्याचदा स्कोपची भोकंही पाडलेली. संग्राहक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत म्हणून स्वस्त. स्वीडिश माउझर किंवा नंबर फोरचा असा स्पोर्टर मिळाला तर डोळे झाकून नाही, पण डोळे उघडे ठेवून लगेच घ्या. अख्खी ओरिजिनल रायफल स्वतः कापायला मात्र जाऊ नका, दोन्हीकडून नुकसान, किंमत जाते आणि गनस्मिथचं बिल वेगळं.

दुकानात काय बघायचं. आधी खात्री करा की रिकामी आहे, दुकानदाराने सांगितलं तरी स्वतः बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, बघा. बोल्ट काढून नळीत लाइट टाका, आटे (आतल्या वळणदार खाचा) धारदार दिसले पाहिजेत, थोडा काळेपणा चालतो, खड्डे नकोत. नळीचं तोंड नीट बघा, कित्येक रायफलींची नळी पुढून साफ करताना सळईने तिथेच घासलेली असते, आणि नेम बिघडतो तो तिथे. बोल्टचा नंबर बॉडीशी जुळतो का बघा, नाही जुळला तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यातली जागा) गेजने तपासल्याशिवाय एकही गोळी मारायची नाही, हे कंपल्सरी समजा, चेहरा तुमचा असतो बोल्टच्या मागे. जुळला तरी तपासून घ्या खरं तर. जंगल कार्बाइन नकली भरपूर फिरतात, साध्या नंबर फोरला पुढे जाळ लपवणारा भोंगा लावून बनवलेल्या. खरीच्या नळीवर चेंबरच्या जागी वजन कमी करायला खाचा मारलेल्या असतात, त्या बघायला लाकूड काढावं लागतं, दुकानदार नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा.

साइटचं एक लक्षात ठेवा, लांब स्वीडिश एम-९६ ची मागची साइट ३०० मीटरपासून सुरू होते, म्हणजे १०० मीटरवर गोळी वर जाते, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साइट, उंच बसवून घ्यावी लागते.

गोळ्या. जुन्या मिलिटरी गोळ्या स्वस्त म्हणून घेऊ नका शिकारीला, फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी) आरपार निघून जाते आणि बहुतेक स्टेटमध्ये हरणाला चालतही नाही, सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, आत पसरणारी) घ्या. जुन्या गोळ्यांच्या कॅपमधून (बुडाशी ठिणगी देणारी टिकली) क्षार नळीत राहतो, मग गंज. रेंजवर मारल्याच तर त्याच संध्याकाळी नळीतून गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल, कारण तो क्षार पाण्यातच विरघळतो, नुसतं तेल मारून काही होत नाही.

आणि दिवाळीला घरी येताना जॅकेटचे, बॅगेचे सगळे खिसे उलटे करा. एक विसरलेली जिवंत गोळी मुंबई विमानतळावर सापडली की आर्म्स ॲक्ट लागतो, आई फराळ घेऊन बाहेर उभी आणि तुम्ही आत पोलिसांसमोर.