गोल्डफिश हौदात सोडले तेव्हा

टँकमधले चार गोल्डफिश अंगणातल्या नव्या सिमेंटच्या हौदात सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक उलटा तरंगत होता. चूक माझीच. नळाचं पाणी भरलं आणि लगेच मासे टाकले. क्लोरीनने कल्ले भाजतात. वर नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, ते वेगळंच.

उरलेले तीन परत टँकमध्ये. हौद तीन आठवडे भरत-उपसत राहिलो (बायको म्हणाली, झाडांना तरी पाणी मिळतंय), शेवटच्या पाण्यात क्लोरीन मारायचं औषध घातलं. यावेळी माशांची पिशवी सावलीत अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, अधूनमधून हौदातलं वाटीभर पाणी आत ओतत. मग पिशवी आडवी केली. मासे आपणहून बाहेर पडले.

चौथ्या दिवशी कठड्यावर खंड्या येऊन बसला. त्याच दुपारी जाळी आणली.