भाड्याने घेतलेला पिक्चर अर्ध्यात तुटू नये म्हणून आधी काय काय बघून घ्यायचं

शनिवारी रात्री साडेनऊला पिक्चर लावला, वीसेक मिनिटं झाली असतील तोवर आतून पोरगं रडायला लागलं, पॉज करून उठलो ते उठलोच. रविवार पाहुण्यांत गेला. सोमवारी सगळं आवरून पावणेअकराला निवांत बसलो, अ‍ॅप उघडलं, तर जिथे 'पुढे बघा' होतं तिथे आता 'भाड्याने घ्या' आणि शेजारी परत तेवढीच किंमत. सव्वा तासापूर्वी मुदत संपलेली! पैसे पूर्ण गेले, बघून झाली वीस मिनिटं, आणि वर बायको विचारते, "खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं नव्हतंस का?" नव्हतं वाचलं. कोण वाचतं.

त्यानंतर अजून दोन-तीनदा वेगवेगळ्या प्रकारे हात पोळल्यावर आता मी भाड्याने पिक्चर घेताना काही गोष्टी आधी बघतो, त्या इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की घड्याळं दोन असतात. पहिलं पैसे भरले की सुरू होतं, बहुतेक ठिकाणी ते ३० दिवसांचं, म्हणजे घेऊन ठेवला तरी महिनाभर काही होत नाही. दुसरं प्ले दाबल्यावर सुरू होतं, ते बहुतेक ठिकाणी ४८ तासांचं, आणि हे पॉज केल्याने थांबत नाही, टीव्ही बंद केल्याने थांबत नाही, तुम्ही झोपलात तरी ते चालूच. त्या ४८ तासांत दहादा बघा, कोणी अडवत नाही. पण प्ले दाबलं की मीटर पडलं, एवढं नक्की. म्हणून 'नीट चालतंय का बघू जरा' म्हणून दोन सेकंद प्ले करून बंद करायची सवय असेल तर ती आधी सोडा. (केबलच्या किंवा डिशच्या डब्यावरून घेत असाल तर तिथे आणखी वाईट, बऱ्याचदा ऑर्डर दिल्याक्षणीच घड्याळ सुरू होतं, त्यामुळे तिथे बसायच्या पाच मिनिटं आधीच घ्यायचा.)

आता यातली खरी युक्ती. पोरंबाळं, ऑफिस, जेवणखाण यामुळे पिक्चर एका बैठकीत होणार नाही हे ठाऊक असेल तर पहिलं प्ले मुद्दाम उशिरा दाबा. शनिवारी साडेनऊला सुरू केलात तर सोमवारी साडेनऊपर्यंतच, आणि आमच्याकडे तरी सोमवारी साडेनऊपर्यंत भांडीसुद्धा आवरलेली नसतात. तोच शनिवारी साडेअकराला अर्धा तास बघून झोपलात तर रविवारची पूर्ण रात्र मिळते आणि सोमवारीही साडेअकरापर्यंत वेळ, म्हणजे तीन रात्री हाताशी. लांबी पण बघून ठेवा, पावणेतीन तासांचा पिक्चर शेवटच्या दोन तासांत मावत नाही, आणि मुदत संपली तेव्हा चालू होता म्हणून शेवटापर्यंत चालू देतील यावर विसंबू नका.

फोनचं घड्याळ मागे घ्यायचा उद्योग मी करून बघितलाय, अ‍ॅपने सरळ नेट चालू करा म्हणून सांगितलं आणि विषय संपला.

ही ४८ तासांची खोड आजची नाही बरं का. १९९८ मध्ये अमेरिकेत सर्किट सिटी या दुकानांच्या साखळीने डिव्हएक्स नावाच्या डिस्क आणल्या होत्या, त्याही पहिल्यांदा लावल्यावर ४८ तास चालायच्या, मग परत पैसे भरा, आणि त्यासाठी प्लेअर टेलिफोनच्या लाइनला जोडायला लागायचा. लोकांनी इतकी नाकं मुरडली की १९९९ मध्ये तो धंदा गुंडाळला. पुढे २००३ मध्ये डिस्नेने अशा डिस्क विकून बघितल्या ज्यांचं पाकीट फोडलं की हवा लागून ४८ तासांत डिस्क काळी पडायची आणि प्लेअरला वाचताच यायची नाही. २००८ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सवर भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा अमेरिकेत तर प्ले केल्यापासून २४ तासच मिळायचे, ४८ नंतर झाले. सांगायचा मुद्दा, ही मुदत स्टुडिओ आणि सर्व्हिस यांच्यातल्या करारात ठरलेली असते, चॅटवर बसलेल्या माणसाच्या हातात ते नसतं, त्याला 'अजून एक दिवस वाढवून द्या' म्हणून कितीही विनवलं तरी उपयोग नाही. पैसे परत मागा, त्यात निदान आशा असते. त्याबद्दल खाली सांगतो.

दुसरं दुखणं म्हणजे आवाज येतो आणि चित्र काळं. लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला, सगळे उशा घेऊन बसले, संवाद ऐकू येतायत, पडद्यावर मात्र अमावस्या. हे एचडीसीपीचं काम, म्हणजे चित्राची चोरून कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. एचडीएमआयमधून जाणारं चित्र कुलूपबंद असतं आणि मधल्या प्रत्येक डब्याला त्याची किल्ली लागते, साखळीत एक जरी जुना स्प्लिटर किंवा अ‍ॅडॉप्टर असला की बत्ती गुल. व्हीजीएच्या केबलला तर ही किल्ली असतच नाही, त्यामुळे जुना प्रोजेक्टर व्हीजीएवर असेल तर नादच सोडा. फोरके बघायचा असेल तर साधारणपणे टीव्हीच्या त्या पोर्टपासून सगळीकडे एचडीसीपी २.२ लागतं, आणि बऱ्याच टीव्हींना ते सगळ्या पोर्टवर नसतं, मागे बारीक लिहिलेलं असतं ते वाचा.

उपाय करताना आधी मधले सगळे डबे काढून एकच केबल थेट लावा. मग सगळं बंद करून आधी टीव्ही किंवा प्रोजेक्टर चालू करा, मग बाकीचं. लॅपटॉपवर दोन्ही स्क्रीनला एकच चित्र ठेवलं असेल तर फक्त दुसरी स्क्रीन चालू ठेवून बघा, कधीकधी तेवढ्याने सुटतं. आणि फोनवरून टीव्हीवर दाखवताना अख्खी स्क्रीन मिरर करू नका, तिथे काळंच दिसणार, अ‍ॅपच्या आतलं कास्टचं बटण वापरा.

इथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. लोक म्हणतात आधी ट्रेलर लावून बघा. ट्रेलरवर बऱ्याचदा कुलूपच नसतं, त्यामुळे ट्रेलर झकास चालतो आणि पिक्चर मात्र काळा. मी याच्यावर पूर्ण अर्धी संध्याकाळ घालवलीय. त्यापेक्षा त्याच अ‍ॅपमध्ये वर्गणीत फुकट मिळणारा एखादा पूर्ण पिक्चर असेल तर तो त्याच टीव्हीवर, त्याच केबलने दोन मिनिटं चालवा. तो दिसला तर भाड्याचाही दिसायची शक्यता भरपूर, आणि मीटर पण पडत नाही.

एचडीचे पैसे भरले आणि धुरकट दिसतंय, ही पण नेहमीची तक्रार. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये बऱ्याच सर्व्हिसेस एचडी देतच नाहीत, क्वालिटी कमी करतात, कारण तिथली कुलुपाची पातळी कच्ची असते. अँड्रॉइडवर वाइडवाइनच्या (गूगलचं असंच कॉपी रोखणारं कुलूप) पातळ्या असतात, एल१ असेल तर एचडी मिळू शकतं, एल३ असेल तर बहुतेक वेळा साधीच क्वालिटी, मग स्क्रीन कितीही भारी असो. डीआरएम इन्फो नावाचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात दिसतं आपल्या फोनला कुठली आहे. बूटलोडर (फोन चालू करणारा मूळ प्रोग्राम) अनलॉक केलेल्या काही फोनमध्ये एल१ चं एल३ होऊन बसतं, ते पण लक्षात घ्या. एवढं बघून मगच एचडीचं बटण दाबा, नाहीतर स्वस्तातलं साधं घ्या, दिसणार तेच आहे.

प्रवासासाठी डाउनलोड करत असाल तर बहुतेक ठिकाणी भाड्याचा पिक्चर एका वेळी एकाच डिव्हाइसवर डाउनलोड होतो. टॅबवर केला आणि टॅब घरी राहिला तर फोनवर मिळेलच असं नाही. देश बदलला तर तर अजून भानगड, हक्क देशागणिक वेगळे असतात, विमान उतरल्यावर 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' असं येऊ शकतं, म्हणून जायच्या आधी बघून टाका किंवा विमानातच उरका. आणि फॅमिली शेअरिंगमध्ये विकत घेतलेले पिक्चर वाटता येतात म्हणून भाड्याचेही वाटता येतील असं धरून चालू नका, अ‍ॅपलमध्ये तरी भाड्याचा वाटता येत नाही.

आता पैसे परत मागायचं. प्ले दाबलंच नसेल तर काम सोपं, बऱ्याच ठिकाणी ठराविक मुदतीत ऑर्डर रद्द होते, अ‍ॅपमध्ये ऑर्डर हिस्टरीत बटण असतं. प्ले दाबलं असेल तर कारण तांत्रिक लागतं, आणि ते लगेच कळवायला लागतं, आठवड्याने नाही. काळी स्क्रीन दिसली की दुसऱ्या फोनने तिचा फोटो काढा (त्याच फोनवर स्क्रीनशॉट घेतलात तर तो तसाही काळाच येतो आणि पुरावा म्हणून हसं होतं), ऑर्डर नंबर जवळ ठेवा, आणि चॅटवर रागराग न करता सरळ लिहा. मी लिहिलं होतं ते असं:

"काल रात्री ९:१० ला हा पिक्चर एचडीमध्ये भाड्याने घेतला. टीव्हीवर फक्त आवाज येतोय, चित्र येत नाही. केबल बदलली, टीव्ही आणि डबा दोन्ही रीस्टार्ट केले, तुमच्याच अ‍ॅपमधले दुसरे पिक्चर याच टीव्हीवर दिसतात. चार मिनिटांच्या पुढे बघितलेला नाही, तुमच्याकडे नोंद असेल. मुदत वाढवून नकोय, पैसे परत हवेत."

'चार मिनिटांच्या पुढे बघितलेला नाही' हे वाक्य मी मुद्दाम टाकलं होतं, कारण किती बघितलं हे त्यांना दिसतं. त्या वेळी दहा मिनिटांत पैसे परत आले, केबल बदलली का वगैरे एकही प्रश्न न विचारता, कारण सगळं आधीच लिहिलेलं होतं.

त्या पहिल्या, पोरगं रडल्याच्या केसमध्ये मात्र काही मिळालं नाही, तांत्रिक काही नव्हतंच. चारेक महिन्यांनी तोच पिक्चर आमच्या वर्गणीत फुकट आला, तेव्हा विसाव्या मिनिटापासून पुढे बघितला, आणि खरं सांगायचं तर तेवढा काही खास नव्हता.