२०२० च्या कॉलेज फुटबॉलचा तक्ता कसा वाचावा

अमेरिकन फुटबॉलच्या कोविडग्रस्त २०२० च्या हंगामात (विजय-पराभव) अलाबामा १३-०, ओहायो स्टेट ७-१. हे दोन आकडे शेजारी ठेवून आमच्या घरी आजही वाद होतो. माझे भावोजी अलाबामाचे आणि मी कोलंबसची, म्हणजे ओहायो स्टेटची. अंतिम सामना अलाबामानं ५२-२४ असा जिंकला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाकीचा हंगाम नेहमीच्या नजरेनं, वरून खाली जिंकले-हरले असा वाचला, तर कितीतरी संघांवर अन्याय होतो. म्हणून मी ज्या पद्धतीनं वाचते ती सांगते. एक वही आणि दोन रंगांची पेनं घ्या.

संघांची नावं लिहायच्या आधी तारखा लिहा. कोणती कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठ-संघांचा गट, कधी मैदानात उतरली, यावर पुढचं सगळं ठरतं. ११ ऑगस्ट २०२० ला बिग टेन (ओहायो स्टेटची कॉन्फरन्स) आणि पॅक-१२ या दोघांनी एकाच दिवशी हंगाम पुढे ढकलला. अलाबामाची कॉन्फरन्स एसईसी थांबली नाही. तिनं प्रत्येक संघाला दहा सामने दिले, सगळे आपसातलेच, आणि २६ सप्टेंबरला सुरुवात केली. एसीसी या आणखी एका कॉन्फरन्सनं आपसातले दहा आणि बाहेरचा एक असं ठरवलं, आणि एरवी कुठल्याच कॉन्फरन्समध्ये न खेळणाऱ्या नोटर डेमला त्या वर्षापुरतं सामावून घेतलं. बिग टेननं १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी खेळ सुरू केला. पॅक-१२ ला ७ नोव्हेंबर उजाडला. म्हणजे अलाबामाचे सहा सामने झाले तेव्हा पॅक-१२ मधल्या ऑरेगनचा एकही झाला नव्हता. या दोन संघांच्या खेळाडूंचे एकूण यार्ड (चेंडू पुढे नेलेलं अंतर) एका यादीत मांडू नका. दर सामन्याला किती, तेवढंच पाहा.

आता लाल पेन घ्या आणि न झालेले सामने लिहा. माझ्या मते त्या वर्षाचं खरं वाचन इथेच आहे. नुसतं 'रद्द' लिहून भागत नाही. कुणाच्या बाजूनं रद्द झाला तेही लिहायचं. ओहायो स्टेटचे तीन सामने झाले नाहीत. मेरीलँडचा गेला तो मेरीलँडच्या संघात लागण पसरली म्हणून. इलिनॉयचा गेला तो आमच्याच संघात पसरली म्हणून. आणि मिशिगनचा, ज्याची कोलंबस वर्षभर वाट पाहतं, तो मिशिगनकडच्या लागणीमुळे गेला. नियमित हंगामात झाले फक्त पाच सामने. बिग टेनच्या अंतिम सामन्यासाठी किमान सहा हवेत असा नियम होता. ९ डिसेंबरला तो नियम मागे घेतला, आणि इंडियाना बाहेर राहिलं. नियम मध्येच बदलला याचा इंडियानाच्या लोकांना राग आला, तो मला समजतो. पण २१ नोव्हेंबरला दोन्ही संघ समोरासमोर आले होते आणि ओहायो स्टेटनं ४२-३५ नं जिंकलं होतं, हे त्याच पानावर लिहून ठेवा. भावोजींना मी तेवढंच दाखवते.

मग ज्या सामन्यांचा निकाल चकित करतो, त्यांच्यापुढे त्या दिवशी कोण नव्हतं ते लिहा. ७ नोव्हेंबरला नोटर डेमनं क्लेमसनला दोन जादा डावांनंतर ४७-४० असं हरवलं. क्लेमसनचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, ट्रेव्हर लॉरेन्स तेव्हा कोविडमुळे बाहेर होता. १९ डिसेंबरला तो परतला होता, आणि तेच दोन संघ भिडले तर निकाल ३४-१० असा क्लेमसनकडे. यातला कुठलाच निकाल खोटा नाही, पण दोन्ही एकाच मापानं मोजू नयेत.

पॉझिटिव्ह आलेला खेळाडू आणि संपर्कात आल्यामुळे बाहेर बसवलेला खेळाडू, हे वेगळे लिहा. पुष्कळदा दुसऱ्या प्रकारानंच संघ रिकामे झाले. एसईसीतल्या व्हँडरबिल्टचे किकर (चेंडूला लाथ मारणारे खेळाडू) असेच विलगीकरणात अडकले, म्हणून महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावलं गेलं. २८ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध तिनं किक-ऑफ केला. पॉवर फाइव्ह, म्हणजे तेव्हाच्या पाच सर्वांत मोठ्या कॉन्फरन्समधल्या फुटबॉल सामन्यात खेळणारी ती पहिली स्त्री. १२ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध तिनं दोन जादा गुणही मिळवले. ती आणीबाणीत आली असं कुणी म्हणालं की मला बरं वाटत नाही. ती काही दिवसांपूर्वीच सॉकरमध्ये एसईसीची स्पर्धा जिंकून आली होती.

ऐनवेळी ठरलेल्या सामन्यांना खूण करा आणि जमलं तर ते पुन्हा पाहा. लिबर्टीचा संघ आजारपणामुळे येऊ शकला नाही, तेव्हा बीवाययू (युटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) दोन-तीन दिवसांच्या तयारीवर देश ओलांडून कोस्टल कॅरोलायनाकडे गेलं. ५ डिसेंबरला ते २२-१७ असे हरले, शेवटच्या क्षणी गोल लाइनच्या अगदी तोंडाशी अडवले गेले. त्या हंगामातला माझा सर्वांत आवडता सामना हाच. दोघांनाही तो खेळायची सक्ती नव्हती.

'चॅम्पियन' या शब्दापाशी थांबा. पॅक-१२ मध्ये नॉर्थ विभाग वॉशिंग्टननं जिंकला, पण त्यांना अंतिम सामन्याला उतरता आलं नाही. त्यांच्या जागी ऑरेगन गेलं, यूएससीला ३१-२४ नं हरवून विजेतं झालं. उलट सिनसिनाटी नऊच्या नऊ जिंकूनही प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठी निवडलेल्या, चौघांत नव्हतं. बोलच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या खास सामन्यांच्या, याद्यांवर तर भिस्त ठेवूच नका, कारण त्या वर्षी किमान विजयांची अट काढून टाकली होती. तीन विजयांचं मिसिसिपी स्टेटही बोल खेळलं, आणि जिंकलं.

घरच्या मैदानाचा फायदा त्या वर्षापुरता फारसा धरू नका. बिग टेनच्या स्टेडियममध्ये तिकीट काढून येणारे प्रेक्षकच नव्हते. रोझ बोलचा उपांत्य सामनाही कॅलिफोर्नियातल्या निर्बंधांमुळे टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला हलवला गेला.

शेवटचं काम पुढच्या वर्षांच्या पानांवर करायचं आहे. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनं २०२० चं वर्ष खेळाडूंच्या पात्रतेत मोजलं नाही. त्यामुळे २०२१ मध्ये बऱ्याच संघांत एरवी निघून गेले असते असे अनुभवी खेळाडू परतले, आणि २०२० ला दाखल झालेल्याला २०२४ पर्यंत पाच पूर्ण हंगाम खेळता आले. एखाद्याचा कारकिर्दीचा विक्रम जुन्या नावाशेजारी दिसला, की तो २०२० मध्ये संघात होता का हे आधी बघा, आणि असेल तर त्याच्या आकड्यापुढे हंगामांची संख्या लिहा.