सेंद्रिय की पर्माकल्चर? माळव्याच्या काळ्या जमिनीवर कसं ठरवायचं

इंदूरजवळ जमीन घेतलेली आपली मंडळी मला हा प्रश्न फार विचारतात. मी सांवेरकडे सोयाबीन-गहू करते. माझं सांगणं एकच: एक पावसाळा शेतातलं पाणी बघा, मग ठरवा.

सेंद्रिय शेतीत भर असतो शेतात काय घालायचं आणि काय नाही यावर. युरिया आणि फवारणी बंद. शेणखत, कंपोस्ट, पिकांची फेरपालट सुरू. ओळीतली पेरणी, ट्रॅक्टर, मंडी सगळं तेच. पर्माकल्चर सुरू होतं कोणती गोष्ट कुठे असावी इथून. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात ते मांडलं. रोज हात लागणारी भाजी दाराशी, फळझाडं त्यापलीकडे, धान्य लांब, शेवटचा तुकडा रानाला सोडलेला.

पोट मंडीवर असेल तर मधली जमीन सेंद्रियच ठेवा. सगळीकडे झाडं लावलीत तर सोयाबीन सावलीत काटकुळं होतं आणि हार्वेस्टर वळत नाही. बांध, उतार आणि घराभोवतीची जागा मात्र पर्माकल्चरनं मांडा.

उतारावर पाणी अडवायला समपातळी रेषा, म्हणजे एकाच उंचीवरून जाणारी रेषा, काढायची तर महागडं यंत्र नको. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून खाली फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा, आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी सोडा. काठ्यांचे पाय दोन जागी टेकवून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच जागी ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पुढे सरकत खुंट्या ठोकत जा. त्या रेषेवर चर खणा आणि माती खालच्या बाजूला टाका.

पण एक जपा. आपली काळी माती पाणी धरून बसते, आणि पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं. पुस्तकातला बंदिस्त चर इथे जसाच्या तसा चालत नाही. एका टोकाला दगड रचून, गवत लावून नाल्याकडे वाट ठेवाच. पीक रुंद वरंब्यावर घ्या.

खतासाठी लांब बघायला नको. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी लाकडाची राख असे थर घालून पाणी शिंपडा. पंधरवड्यानं, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी उलथा. तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या तेव्हा गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांखाली चुरडून घेत. ट्रॅक्टरच्या चाकाखालीही छान चुरतात.

प्रमाणपत्र हवं असेल तर राष्ट्रीय सेंद्रिय मानकांप्रमाणे हंगामी पिकांना पेरणीआधी किमान २ वर्षं, फळबागेला पहिल्या तोडणीआधी किमान ३ वर्षं रूपांतरणाची, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळण्याची, धरतात. शेजारची फवारणी वाऱ्यानं तुमच्या पिकावर आली तर तीही अडचणच. म्हणून झाडं लावायची सुरुवात शेजाऱ्याच्या बाजूच्या बांधापासून करा: गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) दाट, मधे शेवगा आणि सीताफळ. गिरिपुष्पाचा पाला छाटून सरळ मधल्या शेतात टाकता येतो.